वासाचे मिस्त्री

मिस्त्री आधी डोक्यावरची टोपी काढायचे, घडी घालून खिशात ठेवायचे आणि मग गुडघे टेकून फरशीला गाल लावायचे. डोळे मिटलेले. आपण काही बोलायला गेलो की एक बोट वर. "जरा गप ऱ्हावा. वास घेऊ द्या." वास घ्यायला शांतता कशाला लागते, हे मला आजवर कळलेलं नाही. पण ते असं म्हणाले की आम्ही सगळे श्वास रोखून उभे राहायचो. त्या घरात श्वास रोखून उभं राहणं तसंही कुणाला जड नव्हतं.

ते घर म्हणजे महाळुंगे पडवळचं आमचं घर. फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. ओळीनं तीन खोल्या, पुढे पडवी, मागे परसू आणि परसाच्या टोकाला संडास. खाली शहाबादी फरशी, वर कौलं. वडिलांनी नोकरीत असताना बांधलेलं. वडिलांना आम्ही आण्णा म्हणतो. ते जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते, म्हणजे डॉक्टर सुई टोचून निघून गेले की उरलेलं सगळं आण्णांनी करायचं. निवृत्त झाले तरी लोकांनी काही त्यांना निवृत्त होऊ दिलं नाही. गाडीखाली पाय गेलेलं कुत्रं, खरजेनं केस झडलेलं पिल्लू, बिबट्याच्या तोंडातून कसंबसं सुटलेलं एखादं, असं काय काय लोक आणायचे आणि फाटकाशी ठेवून हळूच पसार व्हायचे.

आई होती तोवर कुत्री अंगणात होती. आई गेली आणि ती पडवीत आली. पडवीतून मधल्या खोलीत आली, आणि शेवटी आण्णांच्या खाटेखाली. एकदा मी मोजली तेव्हा अकरा भरली होती. मी मंचरला राहते, तिथल्याच शाळेत शिकवते. दर रविवारी डबा घेऊन स्कुटीवर यायचे, पदर नाकाला लावून घर झाडायचे आणि कुत्र्यांच्या नावानं बोटं मोडत परत जायचे. आण्णा ऐकून घ्यायचे. कधी मागच्या खोलीत ओलं दिसलं की म्हणायचे, "बंड्यानं केलं असंल." बंड्या हा त्यांचा सगळ्यात लाडका, एका कानाचा कुत्रा. तो शेपटी हलवत शिव्या खायचा.

मग आण्णा परसात पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि माझ्या थोरल्या भावानं, दादानं, त्यांना मोशीला आपल्या फ्लॅटवर नेलं. तोवर वयानं आणि आजारानं बाकीची कुत्री गेलेली होती. एकटा बंड्या उरला होता, तो शेजाऱ्यांच्या मळ्यावर गेला. घराला कुलूप लागलं. सहा महिन्यांनी मी आणि दादानं ते उघडलं आणि दोघंही दारातून मागे आलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बंद घरात तो वास मुरून मुरून इतका कडक झाला होता की आत पाऊल टाकवेना.

दादा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्यानं आणि वहिनीनं आण्णांचं सगळं केलं, अगदी मनापासून केलं. पण आठव्या मजल्यावर आण्णा बोलेनासे झाले. गॅलरीत बसायचे आणि खाली पार्किंगमधली कुत्री बघायचे. फोनवर माझ्याशी मोजकं बोलायचे आणि शेवटी एकच वाक्य, "मला घरी नेऊन सोड, बायो." दादाचं म्हणणं सरळ होतं. या वासात आण्णांना ठेवलं तर ते महिनाभरात आजारी पडतील. "मे महिन्याच्या शेवटी मी येतो. वास गेला असेल तर आणू त्यांना. नसेल तर जेसीबी लावू, जागा मोकळी करू, आणि आण्णा कायमचे माझ्याकडे." मला उन्हाळ्याची सुट्टी लागायची होती. माझ्या हातात तेवढाच वेळ होता.

आधी दादानंच हौसेनं एक उपाय करून पाहिला. आमच्याकडे टोमॅटोवर, द्राक्षावर औषध मारायला मोठ्या प्रेशरचा पंप असतो. त्यानं तो पंप आणवला, पिंपात फिनेल ओतलं आणि बागेवर मारतात तसं सगळं घर मारून काढलं. भिंती, कौलं, वासे, खाट, आईचा फोटो, काही सोडलं नाही. आठवडाभर घराला रेल्वे स्टेशनच्या मुतारीचा वास आला, आणि फिनेल उडाल्यावर आधीचा वास जागच्या जागी. मग मी एका रंगाऱ्याकडून ऑइलपेंट मारून घेतला. उन्हं तापली तशी पेंटला फोड आले आणि फोड फुटले की प्रत्येकातून तोच वास. मी धूप, कापूर, कडुलिंबाचा पाला सगळं करून बसले. नारायणगावला एका दुकानात सिमेंट घ्यायला गेले होते, तिथे रडकुंडीला येऊन हे सांगितलं, तर दुकानदार म्हणाले, "तुमी मढकडच्या मिस्त्रीला का बोलवत नाय? वासाचं काम तेच करत्यात."

असे ते आले. जीप बदलत बदलत, पाठीवर रेक्झिनची पिशवी, तिच्यातून छिन्नीचं टोक बाहेर आलेलं. साठीच्या आतबाहेरचे, काटकुळे, आणि नाक म्हणाल तर अगदी साधं. मी उगाच मोठ्या नाकाच्या माणसाची वाट बघत होते. दारात त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलले, "बाई, त्यो गजरा काढून ठिवा." मग म्हणाले, "ती उदबत्ती इझवा. वासावर वास घालू नका. मला दिसंनासं व्हतं."

वास दिसतो असंच ते बोलायचे. दुपारी बारा ते दोन, फरशी तापली की, दारं लावून आत जायचे. त्या आधी काही खायचं नाही, चहा नाही. एरवी दर अर्ध्या तासाला तंबाखू मळणारा माणूस, पण वासाचं काम चालू असेल तोवर तंबाखू बंद. "नाक आंधळं व्हतं," म्हणायचे. तंबाखूवाचून दुसऱ्या दिवशीच त्यांचं डोकं दुखायला लागलं, तिसऱ्या दिवशी ते माझ्यावर खेकसले. पण डबी पिशवीतून बाहेर निघाली नाही.

ही विद्या कुठून आली, असं मी विचारलं होतं. त्यांच्या मढ गावाकडच्या डोंगरात, लहानपणी, घराच्या एका अंगाला माणसं आणि एका अंगाला गुरं. मध्ये कुडाची भिंत. पावसाळ्याचे चार महिने बैल, शेळ्या, कोंबड्या, आजारी वासरू सगळे एका छपराखाली. "मला वास वाईट येत नाय, बाई. येतोय येवढंच कळतं." पुढे गवंडीकाम करताना नारायणगावच्या बाजूला बंद पडलेल्या कोंबड्यांच्या शेडमधून भाड्याच्या खोल्या करायचं काम त्यांना मिळालं. पहिल्या खोल्यांतले भाडेकरू आठ दिवसांत पळाले. मालकानं चारचौघांत पाणउतारा केला. तेव्हापासून त्यांनी ह्या कामाचा नादच घेतला.

पहिल्या दिवशी काम सुरू करायच्या आधी त्यांनी माझ्याकडे खडू मागितले. "शाळंतलं आणा. पांढरं आणा आन एखादा रंगीत." मी पांढरे आणि निळे नेले. गाल फरशीला, मग उठायचं, खडूनं गोल काढायचा, दोन पावलं पुढे सरकायचं. दाराच्या चौकटींशी, खांबापाशी, कोपऱ्यांत पांढरे गोल पडत गेले. मधूनच माहिती द्यायचे, आणि ती ऐकून मी चाट पडायचे. "हितं एक म्हातारी कुत्री बसायची. भिंतीला पाठ टेकून. त्यो डाग बघा." खरंच तिथे आमची लंगडी कुत्री बसायची, आठ वर्षं बसली. "हितं कुणीतरी याली असंल." तीही गोष्ट खरी होती, तिथे एका कुत्रीला पिल्लं झाली होती. मला ते घर घाणेरडं म्हणून माहीत होतं. हा परका माणूस मला तिथे कोण कोण राहून गेलं ते दाखवत होता, आणि एकदाही नाक न मुरडता. मी माझ्या बापाच्या घराची सगळ्या गावात लाज बाळगून होते. त्या दुपारी ती थोडी कमी झाली.

निळा खडू मात्र त्यांनी मागच्या खोलीतच वापरला, आण्णांच्या खाटेच्या खोलीत. मी विचारलं, "निळा कशाचा?"

"निळा म्हंजी जरा खोल गेल्यालं."

संध्याकाळी ते गेल्यावर मी कुलूप लावायला म्हणून आत गेले आणि त्या निळ्या गोलांकडे बघत उभी राहिले. पांढरे गोल वाटेल तसे विखुरलेले होते. निळे एका ओळीत होते. खाटेच्या उशापासून निघून भिंतीच्या कडेकडेनं मागच्या दाराकडे. दाराशी, जिथे कडी काढायला थांबावं लागतं, तिथला गोल सगळ्यात मोठा. आणि त्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला, हाताचे मळकट डाग होते. एकापुढे एक, आधार घेत गेल्यासारखे. कुत्री भिंतीचा आधार घेत नाहीत. परसातला संडास त्या दारापासून तीस पावलांवर होता.

मी खाटेवर बसले आणि रडले. दर रविवारी येत होते मी. त्यांच्या औषधाच्या गोळ्या मोजून जात होते, चादरी धुवायला नेत होते, आणि बंड्याच्या पाठीत धपाटा घालत होते. आण्णांना लाज वाटत होती आणि मला काही कळलं नाही. जनावरांच्या जखमा धुण्यात जन्म गेलेला माणूस, त्याला स्वतःचं सांगायची चोरी झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना गाठलं. "मिस्त्री, तो निळा कुत्र्याचा नाही ना?"

ते घमेलं धूत होते. मान वर न करता म्हणाले, "कुत्र्याचाच हाय."

"मी पाहिलंय सगळं. मला खरं सांगा."

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. रागावलेले होते, आणि तो राग तंबाखूचा नव्हता. "बाई, मला घर नीट कराया बोलावलंय का माणसाची चौकशी कराया? कुत्र्याचा हाय म्हणलं ना. लिहून देऊ?"

मी पाण्याची बादली त्यांच्यापुढे सरकवली. शाळेत मी भल्याभल्यांना गप्प बसवते. थोड्या वेळानं तेच आपणहून म्हणाले, "खाटंपासनं चार पावलांवर मोरी काढतो. कमोड बसवतो. वास ऱ्हायचा नाय मग."

"परसात संडास आहे की."

"हाय. पर लांब हाय."

एवढंच. पुन्हा हा विषय आमच्यात निघाला नाही. त्यांनी मला पुढे कधी वेगळ्या नजरेनं पाहिलं नाही, हळहळून बोलले नाहीत, की "म्हातारपण लई वाईट" वगैरे म्हणाले नाहीत. मी त्यांचे आभार मानायला हवे होते. त्या दिवशी मी फक्त चहा करून दिला, आणि तोही त्यांनी दोननंतर घेतला.

मग काम सुरू झालं. त्यांनी सगळी फरशी उचलली. खालचा मुरूम अर्धा फूट खणून काढला, त्याचे ढीग परसात उन्हाला पडले तेव्हा शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. भिंतींचा गिलावा कमरेपर्यंत खरवडला. उघडी पडलेली जमीन आठ दिवस तशीच ठेवली, रोज चुन्याची निवळी मारायची, रोज दुपारी गाल लावायचा. मी घाई केली की म्हणायचे, "थांबा, आजून येतोय." मला काही म्हणजे काही येत नव्हतं, आणि मेचे दिवस तर पळत होते. मी दोनदा भांडले त्यांच्याशी. "तुम्हाला उगाच येतोय," असं सुद्धा म्हणाले. ते म्हणाले, "आसंल. चार दिस आजून थांबू."

नवा मुरूम पडला, कोबा झाला, नवी फरशी बसली, चकचकीत नव्हे, पाय न घसरणारी. मागच्या खोलीत मोरी उभी राहिली. तिथे त्यांनी भिंतीत एक स्टीलचा दांडा बसवला आणि त्याला स्वतः दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. काटकुळा माणूस तो, मी हसले, तर मलाही लोंबकळायला लावलं. दांडा हलला नाही.

सगळं झालं असं वाटल्यावर एके सकाळी मिस्त्री शेजाऱ्यांच्या मळ्यावर गेले आणि दोरी बांधून बंड्याला घेऊन आले. मी म्हटलं, नव्या फरशीवर कुत्रं? "आपल्या नाकाचं काय खरं, बाई? परीक्षा ह्यो घेणार." बंड्याला सोडलं. तो घरभर हुंगत फिरला. पहिली खोली, मधली खोली, मागची खोली, मोरी. सगळीकडे पास. मी सुटकेचा श्वास टाकतेय तोच तो मधल्या दाराच्या चौकटीशी थांबला, दोनदा हुंगलं आणि तंगडी वर केली. मी ओरडले. मिस्त्री मात्र खूष. बंड्याच्या डोक्यावर थोपटत म्हणाले, "शाब्बास, राव. हितं ऱ्हायलंय." चौकटीचं लाकूड खालून पोखरलं होतं आणि आत सगळं मुरलेलं होतं. दोन दिवस त्यात गेले. नवं लाकूड बसल्यावर परत बंड्याची फेरी झाली. या वेळी तो सरळ आण्णांची खाट होती तिथे गेला आणि पाय पसरून झोपला.

दादा ठरल्याप्रमाणे मे महिन्याच्या शेवटी आला. दिवस ढगाळ, दमट, वास उठायला अगदी सोयीचा. तसं मिस्त्रींनीच मुद्दाम सांगितलं होतं, आदल्या दिवसापासून घर बंद ठेवा, साहेबांना आपल्या हातानं दार उघडू द्या. दादानं दार उघडलं. आत गेला. कोपऱ्यांत वाकला, भिंतीला नाक लावलं. मी पडवीत उभी होते. मागच्या खोलीतून त्याचा आवाज आला. "हे काय नवीन?"

"मोरी," मिस्त्री म्हणाले. "कुत्र्याला आंघोळ घालाया."

"आणि हा कमोड कुत्र्यासाठी?"

"त्यो तुमच्यासाठी, साहेब. तुमची मंडळी शहरातली, परसात कशी जातील?"

दादाला ते आवडलेलं दिसलं. "आणि हा दांडा?"

"साखळी अडकवाया. पाणी घातलं का कुत्रं उभं ऱ्हात नाय."

"अकरा कुत्री होती तेव्हा कुणाला सुचलं नाही, आता एका कुत्र्याला बाथरूम," दादा म्हणाला.

"एकच ऱ्हायलंय म्हणून तर परवडतं," मिस्त्री म्हणाले, तोंडावरची माशीही हलू न देता.

दादा बाहेर आला, पडवीच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "आणतो आण्णांना." मी शाळेतल्या पोरींसारखी नाचले नाही एवढंच.

आण्णा आले त्या दिवशी मिस्त्री मुद्दाम थांबले होते. आण्णा काठी टेकत खोल्यांतून फिरले. मागच्या खोलीत गेले, मोरीचं दार उघडून आत गेले आणि दार लावून घेतलं. बराच वेळ बाहेर आले नाहीत. दादा हाक मारणार होता, मी त्याला खुणेनं थांबवलं. आण्णा बाहेर आले तेव्हा त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं.

"ह्या खोलीला किती दिस लागलं, पावणं?"

"लागलं धा-बारा."

"लई घाण व्हती?"

"कुत्र्याची कसली घाण, बाबा? मुकं जनावर," मिस्त्री म्हणाले.

आण्णा खाटेवर बसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्त्रींना जेवल्याबिगर सोडू नको." मग बंड्याला जवळ ओढून त्याचा एकुलता कान कुरवाळत राहिले. जेवण झाल्यावर मिस्त्रींनी पडवीत बसून पंचेचाळीस दिवसांनी तंबाखू मळली. पहिली चिमूट तोंडात गेल्यावर त्यांचा जो चेहरा झाला, तो तुम्ही बघायला हवा होता.

पुढे मी आण्णांना "सगळंच एकदा तपासून घेऊ" असं म्हणून मंचरच्या डॉक्टरांकडे नेलं. प्रोस्टेटच्या गोळ्या सुरू झाल्या, फरक पडला. का नेलं ते मी बोलले नाही, ते बोलले नाहीत. मिस्त्रींनी आम्हाला न बोलायची चांगली सवय लावली होती. त्यांची चक्कर मात्र व्हायची. कधी करवंदं, कधी हातसडीचा तांदूळ, कधी नुसतेच हात हलवत. दोघं म्हातारे पडवीत बसायचे, बैलांचं आणि पावसाचं बोलायचे. निघताना मिस्त्री मोरीत डोकावून दांडा एकदा हलवून बघायचे. आण्णा तिकडे बघत नसल्यासारखं करायचे. अशी चार वर्षं गेली, आणि ती चारही वर्षं आण्णा आपल्या घरात, आपल्या खाटेवर, बंड्याच्या शेजारी झोपले. माझ्यावर याहून मोठे उपकार कुणी केलेले मला आठवत नाहीत.

मागच्या पावसाळ्यात निरोप आला. भातलावणी चालू होती, मिस्त्री जरा दम घ्यायला म्हणून बांधावर बसले ते उठलेच नाहीत. आण्णांनी ऐकलं आणि म्हणाले, "दहाव्याला जायचं." ऐंशीच्या पुढचा माणूस, रस्ता घाटाच्या बाजूचा, पाऊस. मी नको म्हटलं. दादाही नको म्हणाला. आण्णांनी धोतर नेसून पडवीत बैठक मारली, तेव्हा दादानं मुकाट्यानं गाडी काढली.

आमच्याकडचे दहावे तुम्हाला माहीत असतील. नदीकाठी मांडव, प्रवचन आणि मग माइकवरून श्रद्धांजली. पुढारी येतात, दोन मिनिटं बोलतात, "न भरून येणारी पोकळी" म्हणतात आणि पुढच्या दहाव्याला जातात. त्यातल्या एकानं तर मिस्त्रींचं गाव सुद्धा चुकीचं सांगितलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता. शेवटी निवेदक म्हणाला, आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोलावं. आण्णा उठले. मला वाटलं, त्यांना मोकळं व्हायला जायचं असेल. ते माइककडे निघाले.

"मी महाळुंग्याचा," आण्णा म्हणाले. आवाज कापत होता, पण ऐकू येत होता. "मिस्त्रींनी माझं घर नीट केलं. घराला कुत्र्याचा वास येतो म्हणून पोरांनी त्यांना बोलावलं व्हतं. त्यो सगळा वास कुत्र्याचा नव्हता. माझा व्हता. मला धरवत नव्हतं. संडास लांब, जाईस्तवर व्हायचं. पोरांना सांगाया लाज वाटली, म्हणून मी कुत्र्याचं नाव घ्यायचो. एकदा माझ्या पोरानं त्यापायी कुत्र्याला काठी घातली. मी बघत बसलो."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं.

"मिस्त्रींना कळलं व्हतं. त्यांनी मला इचारलं नाय. पोरांनाबी सांगितलं नाय. खाटंपाशी मोरी काढून दिली आन कुत्र्यासाठी हाय म्हणलं. चार वर्सं मी मानानं माझ्या घरात ऱ्हायलोय, ते ह्या माणसामुळं. ते असताना माझ्या तोंडातनं निघालं नाय. कुत्र्याचा कायबी गुन्हा नव्हता. येवढंच सांगाया आलो."

मी दादाकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. काठी त्यानंच घातली होती, आणि मला ते तोवर माहीत नव्हतं. मग तो उठला, पुढे गेला आणि आण्णांचा दंड धरून त्यांना हळूहळू परत घेऊन आला. दोघांचेही डोळे लाल होते.

निघताना आम्ही मिस्त्रींच्या बायकोला भेटायला गेलो. मी तिला पूर्वी पाहिलेलं नव्हतं. ती बायकांच्यात मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती, बारीक चणीची, लुगड्याचा पदर कपाळापर्यंत. आण्णा तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"लई दिस इचारत व्हते मी ह्यांना," ती म्हणाली. "म्हणलं, महाळुंग्याच्या घराचं येवढं काय घेऊन बसलाय, सारखं जाताय ते? आमालाबी कुत्र्याचंच सांगितलं त्यांनी."